साफ चेहऱ्याचा फोटो

दादाच्या फोटोचं काम दाजीच्या हाती द्यायचं नाही, एवढंच बंटीनं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

दाजी म्हणजे बंटीच्या बहिणीचा, सपनाताईचा नवरा, रामजी. हिंगोलीत कचेरीत कारकून आणि उरलेल्या वेळात फोटोग्राफर. (कचेरीचा वेळही तो उरलेल्यातच धरायचा.) त्यानं नांदेडहून डिजिटल कॅमेरा आणला. तो कसा निवडला, हे ऐकायचं तर माणसानं आधी पोटभर जेवून बसावं. तीन मेगापिक्सेलचा घ्यावा की पाचचा, या विचारात त्याचे दोन उन्हाळे गेले. तेवढ्यात लोक पोरगी बघून, लग्न लावून, बारसं उरकून मोकळे होतात. मग कॅमेऱ्याला पिशवी आली, तिवई आली, भिंग पुसायला मऊ पिवळं फडकं आलं. त्या फडक्याला सपनाताईनं एकदा भांड्याचे हात पुसले, तर गडी आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

आणि एवढ्या लवाजम्यानिशी फोटो कशाचे? मुंगीचे. हळदीच्या पानावरच्या थेंबाचे. बैलाच्या एका डोळ्याचे. (दुसऱ्यानं काय घोडं मारलं होतं?)

एकदा बंटीचा थोरला भाऊ धम्मानंद हसत हसत रानातून येत होता. डोक्यावर पाटी आणि पाटीच्या काठावर एक नाकतोडा. दाजी ओरडला, हलू नका. बिचारा दादा पाटीखाली मान आखडेपर्यंत उभा. फोटो निघाला तेव्हा नाकतोड्याच्या मिशा मोजून घ्याव्यात इतक्या साफ आणि मागं दादा म्हणजे चुलीतला धूर.

"मागचं धूसर करणं हीच तर कला हाय," दाजी म्हणाला.

बंटीच्या मते अशी कला करणाऱ्याला भर उन्हात हळद खणायला लावायला पाहिजे.

दिवाळीनंतर दादा तापानं गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी दादाचा फोटो ठेवायचा होता. डोंगरकडा गावातल्या त्यांच्या घरात त्याचा एकच फोटो निघाला, मतदान ओळखपत्रावरचा. त्यात दादा असा दिसत होता, की मत राहू द्या, आधी ठाण्यात हजेरी लावा. आई पद्माबाई त्या दिवसांत धड बोलत नव्हती. ओळखपत्र बघून एवढंच म्हणाली, "माझं लेकरू हसताना दिसलं पाहिजे."

बंटीनं ते मनावर घेतलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, तसाच एसटीत बसून तो हिंगोलीला दाजीच्या दारात गेला.

दाजीच्या कॅमेऱ्यात दादाचा हसरा फोटो होता. फक्त त्यात बंटीही होता. बंटी सगळ्याच फोटोंत असायचा. कॅमेरा निघाला की हा कुठूनही धावत येऊन पुढं उभा राहणार, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. दाजी घसा फोडून सांगायचा, बाजूला हो. बाजूला होईल तो बंटी कसला. या फोटोतही बंटी पुढं दात काढून आणि मागं त्याच्या खांद्यावर हात टाकून दादा. आगपेटीएवढ्या पडद्यावर दोघंही लख्ख दिसत होते.

"इथं सगळंच साफ दिसते," दाजी म्हणाला. "खरं काय ते मोठं केल्यावर कळते. फोटोवाल्याकडं मी येतो संगं."

"तुमी नका येऊ. तुमी माणसाचा नाकतोडा करता."

 दाजीनं कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड काढलं, त्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलं आणि बंटीच्या हातावर ठेवलं.

फोटोवाला मोहनसिंग सज्जन माणूस. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि नीट विचारलं, दोघांतले कोण वारले, कोणाला ठेवायचं, कोणाला कापायचं. बंटीला बोट दाखवून 'हा' म्हणायचं होतं. बोट उचललं नाही. पडद्याकडं बघवेना. मग त्याला एकदम राग आला. (राग आला की बंटीला बरं वाटायचं.)

"जो साफ हाय तो ठेवा," तो म्हणाला. "धूसर असल तो कापून टाका. आमाला धूसर न्हाई पाहिजे."

आणि बाहेर जाऊन रस्त्याकडं बघत उभा राहिला. दाढीतला बंटी फोटोतल्या गुळगुळीत बंटीसारखा दिसत नव्हता, त्यात मोहनसिंगचा काय दोष? फ्रेम वर्तमानपत्रात बांधून मिळाली. कागद आईच्याच हातानं निघायचा होता, म्हणून बंटीनं ती न उघडता घरी नेली.

भंतेजी आसनावर बसले. मंडप भरला. आईनं कागद काढला.

सोनेरी किनारीत बंटी. सगळे दात बाहेर. खाली 'भावपूर्ण आदरांजली'. मागचा धूसर माणूस सफाईनं कापलेला, उरला होता फक्त खांद्यावरचा हात.

 कळमनुरीहून आलेले एक म्हातारे पाहुणे तेवढ्यात पुढं आले, त्यांनी फूल वाहिलं, हात जोडले, डोळे पुसले आणि मागं वळले, तर समोर पाण्याचा तांब्या घेऊन बंटी. म्हातारे होते तिथंच मटकन खाली बसले.

आणि आई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"काय पोरगं हाय," ती म्हणाली. "इथंबी भावाच्या म्होरं घुसलं." मग हसता हसताच ती रडायला लागली आणि तिच्याबरोबर अख्खा मंडप.

दाजीनं गुपचूप आपल्या पिशवीतून एक फ्रेम काढली. कुठल्याशा स्पर्धेसाठी मोठा करून घेतलेला नाकतोडा. ती त्यानं बंटीच्या जागी ठेवली. आईनं नाकतोड्याकडं पाहिलंच नाही. मागच्या धुरावरून तिनं हात फिरवला.

"हाच," ती म्हणाली. "रानातून येताना लांबून असाच दिसायचा."

बंटीनं खाली मान घालून दाजीचं पिवळं फडकं खिशातून काढलं आणि नाक पुसलं. दाजी बघत होता, तरी त्यानं फडकं परत मागितलं नाही.

बंटीची फ्रेम बंटीला विहिरीत टाकायची होती. आईनं हात लावू दिला नाही. त्या खांद्यावरचा हात धम्मानंदचा आहे, म्हणून ती फ्रेम आजही बैठकीत टांगलेली आहे, आदरांजलीसकट. नवा पाहुणा आला की आधी भिंतीकडं बघतो, मग चहा घेऊन आलेल्या बंटीकडं, आणि म्हणतो, नको, आत्ताच घेऊन आलो.