निवलेल्या कॉफीची हकीकत

राज्ये कैसी घेतली हे पुष्कळांनी लिहिले. केबिन कैसी घेतली ते राहिले, सबब ऐकिले-पाहिले तैसे लिहिते.

अम्मान शहरी पाण्याचे नळ टाकणाऱ्या एका कंपनीत प्रमुख इंजिनियरीची गादी रिकामी पडली. पगार थोर, केबिनीस दोन खिडक्या. दावेदार राजमान्य घस्सानसाहेब, आवाज नगाऱ्याचा. आणि रुदैनाबाई, विद्येने बरोबरीच्या, कान शाबूत.

इतक्यात करकप्रांतीचे बागाईतदार शेख अबू मुतलक भाऊबंदांसह खफा होऊन चालून आले, की नळाची चर आमच्या जैतुनांतून नेली तर करार बुडाला. मालक निदालसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. मग घस्सानसाहेबांनी पडद्यावर आकड्यांची फौज उभी केली आणि तोफा डागल्या.

शेख वदले, "पोरा, ओरडतोस कशाला? माझी झाडं बहिरी नाहीत."

मग रुदैनाबाईंनी पडदा विझविला आणि पुसिले, "काका, झाडं लावली कुणी?"

"आईनं. मी तिच्या पाठीवर होतो."

मग आईची कथा निघाली, आणि दुष्काळाची, आणि सुनेची तक्रारही निघाली, आणि बाई ऐकत गेल्या, आणि अखेर नकाशावर बोट ठेवून चर बांधाबाहेरून नेली. शेख संतोषले. तह जाहला.

मालक उल्हासून स्वहस्ते सर्वांस कॉफी देऊ लागले, आणि ओतता ओतता फर्माविते जाहले की प्रमुखी घस्सानास बहाल, वाटाघाट करावी तर त्याने, आणि बाईंस म्हणाले, "तू गप्पा छान मारतेस हं!" पुरुष बोले ती वाटाघाट, बाई बोले त्या गप्पा, ऐसा त्या दफ्तरीचा जुना कानू.

बाईंनी पेला न पिता मेजावर ठेविला. त्या मुलखी कॉफी ठेविली म्हणजे मागणे आहे, ते मान्य होईतो पिणे नाही, आणि चारचौघांत ते मागणे नाकारणे यजमानास मरणाहून वाईट. हे शस्त्र सोयरीक मागणाऱ्या बुजुर्गांचे. बाईने उपसलेले कोणी पाहिले नव्हते.

"लेकी, निवतेय ती," शेख म्हणाले.

"निवू द्या काका. माझं मागणं आहे."

"निदाल, ऐकलंस ना? आमच्याकडं पोरीची कॉफी अशी गार होऊ देत नाहीत!"

मालकांनी घस्सानाकडे पाहिले, घस्सानाने छताकडे.

"पी बाई, पी. प्रमुखी तुझी."

"त्याला देणार होता त्याच पगारावर?"

"त्याच! पी आता!"

ऐसी गादी काबीज जाहली, रक्त न सांडता, कॉफीही न सांडता. बाई एका घोटात प्याल्या. पुरे म्हणावयाचे तर त्या मुलखी पेला हलवून परत करितात. बाईंनी हलविला नाही. तैसाच पुढे धरिला, आणि मालकांनी मुकाट्याने पुन्हा भरिला. येणेप्रमाणे फत्ते नमूद केली असे.