डबल स्टँडवाले मन्मथप्पा

मन्मथप्पांची फटफटी मी कधी रस्त्यावर पाहिली नाही, आणि तरी ती रोज सकाळी औश्याला जाऊन यायची. म्हणजे असं की, अंघोळ, पूजा, कपाळभर भस्म उरकून अप्पा ओसरीवर यायचे, डबल स्टँडवर चढवलेल्या गाडीला किक मारायचे, गिअर टाकायचे, आणि मागचं चाक अधांतरी गरगर फिरायला लागलं की वर बसून पेपर उघडायचे. गल्लीतल्या कुणी विचारलं, "काय अप्पा, कुठवर आलात?" तर चष्म्यावरून बघून सांगायचे, "किल्ला दिसून राहिला. आलंच औसा." पेपर संपला की गाडी बंद. अप्पा परत आले.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्यासारखे कारकून उस्मानाबादेहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर ट्रकात बसून इकडं आले. कचेऱ्यांना जागा नव्हत्या. आमचं खातं एका मंगल कार्यालयात थाटलं होतं आणि 'वधूपक्ष' असं रंगवलेल्या खोलीत आमचे साहेब बसायचे. मला राहायला अप्पांच्या घरातली रस्त्याकडची खोली मिळाली. अप्पांचं गंज पेठेत सरकी-पेंडीचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि त्यांची एकुलती लेक कांता. मी सरकारी नोकर म्हणून अप्पा मला 'सरकार' म्हणायचे. आदरानं म्हणतात असं मला बरेच दिवस वाटत होतं.

मी एक जुनी फटफटी घेतली आणि ऐटीत दारासमोर साईड स्टँडवर लावली. झालं! अप्पा पेंडीचा हात झटकत बाहेर आले आणि घरात साप निघाल्यासारखे गाडीकडं बघत उभे राहिले.

"सरकार, हे काय केलं?"

"काय केलं?"

"लंगडी केली की गाडी! एका कुशीवर माणूस तरी किती ईळ झोपल? पेट्रोल एका अंगाला, तेल एका अंगाला, समदा भार एका दांडीवर. डबलवर घ्या. आत्ताच्या आत्ता."

मी हँडल धरलं आणि गाडी वर उचलायला लागलो. कमरेत चमक आली, तोंड लाल झालं, गाडी जागची हलेना. कांता दारात उभी राहून पदर तोंडाला लावत होती.

"उचलून नका राहू!" अप्पा ओरडले. "बोजा हाय का तो? डावा हात हँडलवर. उजवा मागच्या कडीला. उजवा पाय स्टँडच्या दांडीवर ठिवा. आता स्टँडच्या दोन्ही टाचा भुईला टेकल्या का, ते अंगाला कळतंय का बघा. टेकल्या? मग नुसता पाय दाबा. समदं वजन पायात. गाडी आपसूक मागं चढती."

मी पाय दाबला. गाडी टुणकन मागं गेली आणि दोन पायांवर उभी राहिली. मला खरंच काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं. अप्पांनी गाडीच्या सीटवर थाप मारली. "आता बिनघोर जेवा," म्हणाले.

पण ही शिकवणी माझ्यापुरती असती तर ठीक होतं. नवीन जिल्हा झाल्यावर गावात फटफट्यांचं पीकच आलं होतं, आणि त्या वर्षी दुसरं काही पिकलंही नव्हतं. कचेऱ्यांसमोर, बँकेसमोर, हॉटेलांसमोर गाड्या तिरक्या उभ्या. दुकानातून घरी येताना अप्पा वाटेतली प्रत्येक तिरकी गाडी डबलवर चढवत यायचे. विचारणं नाही, सांगणं नाही. एकदा कुणा नव्या साहेबाची गाडी अशीच चढवत असताना साहेबच बाहेर आले आणि त्यांनी चोर चोर म्हणून बोंब ठोकली. हवालदार आला.

"गाडी तुमची हाय का?"

"न्हाई."

"मंग हात कामून लावला?"

"पडली असती."

"पडली असती तर त्यांची पडली असती. तुमचं काय गेलं असतं?"

यावर अप्पांनी हवालदाराकडं इतक्या दुःखानं पाहिलं की तोच ओशाळला. जाताना त्याची सायकलही अप्पांनी सरळ करून ठेवली.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण कांताच्या लग्नाचं निघालं तशी गंमत संपली. अप्पांची थोरली बहीण औश्याला असायची. तिला सगळे आक्का म्हणत. एस.टी.तून उतरली की आक्काच्या पिशवीत एक तरी स्थळ असायचंच. मुलगा बघायला येणार ठरलं, की अप्पा सकाळपासून ओसरीवर बसून राहायचे, आणि मुलगा कसा दिसतो, काय करतो, हे नंतर. आधी त्याची गाडी.

पहिला मुलगा उदगीरचा. बापाचं किराणाचं मोठं दुकान, पोरगा गोरागोमटा. त्यानं गाडी अंगणात साईड स्टँडवर लावली आणि केस सारखे करत आत आला. आता, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी राहायच्या. कांतानं त्या दिवशी भांडून भांडून दारातला पिंप काठोकाठ भरून घेतला होता. पिंपाखाली सांडलेल्या पाण्यानं भुई मऊ झाली होती. चहा कपात ओतला जात होता आणि बाहेर स्टँडची दांडी हळूहळू मातीत शिरत होती. मग धाडदिशी आवाज आला. गाडी पिंपावर, पिंप आडवा, आणि आठवड्याचं पाणी पव्हण्यांच्या चपला घेऊन गटारीकडं निघालं. कांता घागर घेऊन धावली, आक्का कपाळ बडवायला लागली. अप्पा मात्र जागचे उठले नाहीत. "मी सांगत होतो," एवढंच म्हणाले. आणि त्या दिवसापासून डबल स्टँड हा त्यांचा कायदाच झाला.

दुसरा मुलगा नव्या कचेरीतला साहेब. त्यानं गाडी डबलवर लावली, पण बरोबरच्या शिपायाकडून. अप्पा म्हणाले, "सोताची गाडी दुसऱ्यानं उभी करायची? उद्या लेकरूबी शिपायाच्याच कडेवर दील." तिसऱ्यानं स्वतः लावली, पण ढकलत, कण्हत, शेवटी दोघांना हाताला घेऊन. तोही गेला. आक्का भडकली. "मन्मथ, तुला जावई पायजे का हमाल पायजे?" अप्पा शांतपणे सुपारी कातरत राहिले.

मग देगलूरचा बसवराज आला. गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता, आणि दुष्काळामुळं त्याची ड्युटी गुरांच्या छावण्यांवर. धुळीनं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या, शर्टाला कडब्याचा वास. एवढ्या लांबून फटफटीवर आला होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं, पिंपापासून दूर, भिंतीच्या कडेला एक चपटा दगड शोधला, त्यावर साईड स्टँड टेकवला आणि गाडी हलवून बघितली. मी मनात म्हटलं, वा! पोरगा शहाणा आहे. अप्पा खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघत होते.

"डबल स्टँड कुठंय?"

"काढून टाकला, मामा."

'काढून टाकला' हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मलाच घाम फुटला.

"आमच्याकडल्या रस्त्याला न्हाई टिकत तो," बसवराज म्हणाला. "दगडाला घासतंय, वाकतंय. दोनदा पडलो मी. आन् छावणीवर गेलं की उतरायचं, सुई मारायची, पुढं जायचं. डबलवर लावाया फुरसत कुठंय?"

पोहे झाले, चहा झाला. कांतानं त्याला विचारलं, की गुरं ओळखतात का तुम्हाला. तो म्हणाला, "ओळखतेत की. मला बघितलं की पळतेत." कांता खळखळून हसली. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं असं हसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. बसवराज अर्ध्या तासात उठला, छावणी वाट बघतेय म्हणाला आणि गेला. गाडी गल्लीबाहेर पडायच्या आत अप्पांनी निकाल दिला. "ह्यो न्हाई. ज्याच्या गाडीला स्टँडच न्हाई, त्याला मी लेक देत नसतो."

"मला पसंत हाय," कांता म्हणाली.

अप्पांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"मला पसंत हाय," ती पुन्हा म्हणाली. "आन् अप्पा, स्टँडचं नका सांगू मला. ह्याचा स्टँड न्हाई, त्याचा शिपाई, त्याचं ढकलणं! उद्या विमान घेऊन कुणी आला तर त्याच्याबी चाकात खोट काढताल तुम्ही. मी जाऊ नये म्हणून चाललंय हे समदं. मला काय कळत न्हाई व्हय? पण मी किती दिवस हितं बसून ऱ्हाऊ?" तिचा आवाज फुटला आणि ती आत गेली. आक्का तिच्या मागं गेली. मीही माझ्या खोलीत सटकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली नाही. पेपर तसाच ओसरीवर पडून. गल्लीतला एकजण सवयीनं विचारून गेला, "अप्पा, औसा?" अप्पांनी ऐकलंच नाही. भस्मसुद्धा धड लावलेलं नव्हतं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. माणूस हट्टी होता, पण त्याची इतकी दशा मला बघवेना.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दार वाजलं. अप्पा धुतलेलं धोतर, काळी टोपी घालून उभे. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"सरकार, आज रजा टाका. देगलूरला जायचंय."

"हे काय आहे?"

"स्टँड. त्याच्या गाडीचा. चांगल्या जाड लोखंडाचा बघून आणलाय."

आम्ही एस.टी.नं निघालो. कंडक्टरनं गोणपाट दाबून बघितलं आणि लगेजचं तिकीट मागितलं. अप्पा म्हणाले, "लगेज न्हाई ते, आहेर हाय." आणि ते मांडीवरून खाली काही ठेवलं नाही. खिडकीबाहेर रान कोरं करकरीत पडलेलं, झाडाखाली जनावरं माना टाकून. उदगीर मागं पडल्यावर अप्पा आपणहून बोलायला लागले.

"खरं बोलली कांता. मला ठावं व्हतं, पण ते तिच्याच तोंडून ऐकावं लागलं." मग मांडीवरचं गोणपाट नीट सरकवलं. "सरकार, साईडवर गाडी लावणारं माणूस खुर्चीच्या टोकाला बसतंय. बघितलंय का कधी? चहा बशीत वततंय, फू फू करतंय, उठतंय. डबलवर लावली की टेकून बसतंय. पंखा लावा म्हंतंय. मी एवढी वर्षं लोकांच्या गाड्या खामखा न्हाई चढवल्या. गावात कुणी टेकून बसंनाच झालंय. कांता गेल्यावर घरात मी आन् ती फटफटी. मंग ती दोघं येणार, अर्ध्या तासात छावणी हाय म्हणून उठणार. मी काय करायचं मंग?"

मी खिडकीची काच उगाच वरखाली केली.

देगलूरला पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. बसवराज जेवायला घरी आलेला. अप्पांना दारात बघून त्याचा घास हातातच राहिला. अप्पांनी राम राम नाही, काही नाही, सरळ त्याच्या गाडीपाशी जाऊन गोणपाट सोडलं. पाना मागितला. बसवराज हात धुऊन आला आणि दोघं गाडीखाली आडवे झाले. अप्पांचं पांढरंशुभ्र धोतर ग्रीसनं माखलं. "रस्त्यावर निघताना तारेनं वर बांधून टाका, मंग दगडाला लागत न्हाई," अप्पा खालून सांगत होते. "हाव मामा," बसवराज म्हणत होता. शेवटी त्यानं पाय दाबला आणि गाडी चढली. त्याला ते पहिल्या झटक्यात जमलं. अप्पा घाम पुसत उभे राहिले.

"छावणीवर लावा न्हाईतर नका लावू," ते म्हणाले. "पर लातूरला माझ्या दारी आलात तर डबलवर लावायची. एवढंच मागणं हाय. जेवून जायचं."

बसवराजनं मान खाली घातली. "मुक्कामाला येतो, मामा," म्हणाला.

एवढ्यात त्याची आई तांब्या घेऊन बाहेर आली. त्यांच्याही गल्लीत टँकरच होता, तरी तांब्या काठोकाठ भरलेला. "नीरु कुडीरी, अण्णा. दमलात," ती अर्ध्या कानडीत म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

सकाळपासून अप्पांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओठ फुटले होते. तांब्याकडं त्यांची नजर गेली तशी गळ्याची घाटी वरखाली झाली. आमच्याकडं जुनी माणसं लेक दिलेल्या घरचं पाणी पीत नाहीत, नातवंड होईपर्यंत नाही. पण आमची तर अजून सुपारीसुद्धा फुटलेली नव्हती.

अप्पांनी हात जोडले.

"नको, बाई. लेकीच्या घरचं पाणी मला चालत न्हाई."

आईला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं तांब्या खाली ठेवून डोळ्याला पदर लावला. बसवराज अप्पांच्या पायाशी वाकला. अप्पा त्याला उठवायचं सोडून कोरड्या घशानं मला म्हणाले, "चला सरकार, स्टँडवर हॉटेल असंल. मरून राहिलो तहानेनं."