दुलईखान्याचे मेज

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, आणि थंडीने ज्यांचे पाय गेले त्या सर्वांस स्मरून, हे वर्तमान सांगतो ते ऐकावे. शके सोळाशे सदुसष्ट, क्रोधननाम संवत्सर. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव विचारू नये. विचारून कोणाचे भले जाहले नाही. त्या राज्यात दुलईखाना म्हणोन कारखाना होता आणि तेथे फौजेकरिता कापसाच्या दुलया शिवल्या जात, आणि त्या कारखान्यावर भानजीपंत म्हणोन दरोगे होते. पंत गृहस्थ सज्जन, कामास चोख, परंतु स्वभाव ऐसा की वरचा माणूस नुसता खाकरला तरी ह्यांनी ताडकन उठून हात जोडावे. बायको मागेच वारली होती आणि एकच पुत्र, विसाजी, तो अंगाने ताडमाड वाढलेला, आणि ते साली त्याची नेमणूक सरहद्दीच्या गडावर पहाऱ्यास जाहली. गड ऐसा की पौषात घागरीतले पाणी दगड होई आणि पांघरूण अपुरे पडले तर शिपायाच्या पायांची बोटे काळी पडत, आणि मग ज्वर येई, आणि मग माणूस जाई. म्हणोन पंतांचा सारा जीव त्या वर्षी दुलयांत अडकला होता. लेक हयात राहावा इतकेच त्यांचे मागणे, दुसरे काही नाही.

दुलईखान्यात बायका जमिनीवर बसून कापड बेतीत. कापड अंथरावे आणि त्यावर गुडघ्यांनी रांगावे, आणि जिने तिने आपल्या हाताने, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, मोजावे आणि कातर चालवावी, ऐसा वहिवाटीचा प्रकार. मुख्य शिवणारीण सटवाबाई, हाडापेराने दांडगी, तिने चार हात मोजले तर दुलई ऐसपैस होई, आणि ठेंगण्या बायकांनी मोजले तर अंमळ तोकडी. गडावर लांब दुलईसाठी शिपाई एकमेकांच्या उरावर बसत. पंत मनी म्हणाले, माझा लेक जेथे जाणार तेथे नशिबाच्या दुलया जाऊ नयेत, सर्व एका मापाच्या व्हाव्या. आणि बायकांचे गुडघेही सुजून भोपळे जाहले होते, ते दुःख निराळेच. तेव्हा कंबरेइतके उंच मेज असावे, त्यावर मापाच्या खुणा कायमच्या ठोकलेल्या असाव्या, आणि उभ्याने कापड बेतावे, ऐसे त्यांनी योजिले. मग मेजाचा शोध सुरू जाहला. मुदपाकखान्यातून लाडू वळण्याचा मोठा पाट आणविला, तो तुपकट, कापडास डाग पडले. मग जुन्या वेशीचे दार उतरवून दोन रांजणांवर ठेविले, तर त्याच्या खिळ्यांत कापड अडकून फाटले. मग हत्तीच्या हौद्याची फळी मागून आणिली, ती इतकी डुले की कातर भलतीकडे जाई. सटवाबाई बोलली, "पंत, आता सिंहासनच तेवढे आणवायचे राहिले बघा." बायका खो खो हसल्या आणि पंतांनी घाबरून आधी दाराकडे पाहिले.

शेवटी धाको सुतारास बोलावून सागवानी मेज नवे घडविण्याचे ठरले. धाकोने फळ्या तासल्या, सांधे बसविले, पाय भक्कम लाविले, आणि मग विचारले, "पंत, पितळी खुणा घालतो, पण हात कोणाचा धरू?" येथेच घात जाहला. त्या राज्याची रीत ऐसी की राज्याभिषेकाचे दिवशी महाराजांचा उजवा हात मोजून त्याचा गज करावा आणि मागील राजाचा गज होमात घालावा. मग राज्यात कायमची खूण जेथे पडेल तेथे त्याच गजाने पडावी. आता त्या वेळचे महाराज मोठे पराक्रमी. गादीवर येण्यापूर्वी नदीकाठच्या लढाईत शत्रूचा वार त्यांनी हाती झेलला होता आणि उजव्या हाताची चारही बोटे मुळाशी गेली होती. अभिषेकाचे दिवशी डावा हात मोजावा ऐसे कोणी सुचवील तर तो महाराजांच्या शौर्याचा अपमान, म्हणोन कोणी सुचविले नाही, आणि गज कोपरापासून तळव्याच्या काठापर्यंत, जेथे हात संपत होता तेथपर्यंत, जाहला. ह्याची झळ कोणास लागली नव्हती. बाजारात दुकानदार जुन्या मापाचा गज गादीखाली लपवून वापरीत, आणि दुलईखान्यातील बायकांस स्वतःचे हात होतेच. परंतु मेज सरकारी, आणि त्यावरील खूण कायमची. पंतांनी फडणिसांकडून गज मागविला आणि धाकोच्या हाती दिला. धाकोने तो उलटासुलटा केला, पंतांकडे पाहिले, पंतांनी छताकडे पाहिले, आणि मग धाको खुणा ठोकू लागला.

दसऱ्यास मेजाची पूजा जाहली, कातरीस हळदकुंकू वाहिले, आणि बायका ताठ उभ्या राहून कापड बेतू लागल्या. कामाचा सपाटा ऐसा की पूर्वी कधी नव्हता. वरचे कापड चार हात, अस्तर चार हात, मध्ये कापूस, आणि वरून धावदोरा. दुलयांवर दुलया रचल्या, सर्व एकसारख्या, काठाला काठ जुळणाऱ्या. ते पाहून पंतांस भरून आले. मग दुपारी बायका जेवावयास गेल्या असता त्यांनी एक दुलई उचलली आणि कारखान्यातच आडवे होऊन अंगावर घेतली. पंत स्वतः मध्यम चणीचे. हनुवटीपर्यंत ओढली तर पावले उघडी, आणि पावले झाकली तर छाती उघडी. तीनदा ओढून पाहिली. मग ते तसेच पडून राहिले आणि विसाजीची उंची मनात मोजू लागले. सटवाबाई पाणी प्यावयास आली, तिने पाहिले आणि पदर तोंडास लाविला. ती हळू म्हणाली, "पंत, आम्हांस पहिल्या दिवसापासून दिसते आहे. पण बोलायचे कुणी? दुलई आखूड म्हटली की हात आखूड म्हटल्यासारखे होते." पंत उठून बसले आणि म्हणाले, "बाई, हा शब्द पुन्हा काढू नका." आणि दुलईची घडी करून जागी ठेविली.

तरी बापाचा जीव, तो स्वस्थ बसेना. पंत फडणिसांकडे गेले आणि आडून आडून अर्ज केला की, "यंदा थंडी फार पडेल ऐसे जोशी म्हणतात, तर शिपायास चार हातांऐवजी पाच हात दुलई द्यावी." फडणीस विडा चघळीत होते. ते म्हणाले, "पंत, वेड लागले काय? शिपायास चार, हवालदारास पाच, सरदारास सहा, ऐसे पूर्वापार चालत आले. शिपायास पाच दिली तर उद्या तो हवालदारास मुजरा करील काय?" पंत बोलले, "मग काठास एक पट्टी जोडावी, शोभेची." तेव्हा फडणिसांनी विडा बाजूस ठेविला आणि डोळे बारीक करून विचारले, "का? माप कमी पडते काय?" ते म्हणाले, "छे, छे. माप कमी कसे पडेल? सहज आपले विचारले." आणि घरी आले ते जेवले नाहीत.

मग पंतांनी एकच केले, आणि ते चोरून केले. सटवाबाईस म्हणाले, "बाई, एक दुलई जुन्या रीतीने जमिनीवर बेता, तुमच्या हाताने, आणि हे कोणास कळू देऊ नका." सटवाबाई गुडघे धरून कण्हत खाली बसली आणि बोलली, "एकच?" पंतांनी कातर तिच्यापुढे सरकविली. सटवाबाईने मोठाली चार हात दुलई बेतली आणि चौघींच्या वाट्याचा कापूस तीत घालून दाट टाक्यांनी शिविली. बाकी दुलया गाड्यांत भरून गडास रवाना केल्या, आणि ही मात्र विसाजीच्या घोड्यावर पंतांनी स्वतःच्या हाताने बांधिली आणि म्हणाले, "बाळ, ही तुझी. कोणास देऊ नकोस, उसनी म्हणूनही देऊ नकोस." विसाजी हसून म्हणाला, "आबा, दुलईच ती. एवढे काय?" आणि पाया पडून गेला.

पौष लागला आणि गडावर हाहाकार उडाला. शिपाई पाय पोटाशी घेऊन निजत, तर सकाळी गुडघे सरळ होईनात. पाय लांब करीत, तर बोटे काळी पडत. जोत्याजी म्हणोन विसाजीचा पहाऱ्याचा सोबती होता, त्याचे दोन्ही पाय गेले आणि मग तो गेला. माणसे मरू लागली आणि एकानेही दुलईस नाव ठेविले नाही; वारा वाईट, पाणी वाईट, ग्रह वाईट, ऐसेच सर्व म्हणत. तेव्हा राजधानीहून तपासास कारकून गेले आणि त्यांनी माणसे रांगेने उभी केली, आणि पाहतात तो एकटा विसाजी धडधाकट. मग त्याची दुलई इतर दुलयांवर टाकून पाहिली, ती वीतभर नव्हे, चांगली पाऊण हात पुढे आली. कारकुनांस वाटले की गुन्हा सापडला. माणसे कशाने मेली हे राहिले बाजूस, आणि सरकारी मापाबाहेरची दुलई कोणी दिली ह्याची चौकशी लागली. विसाजीस दुलईसकट दरबारात आणिले, आणि ते मेजही चौघांनी उचलून दरबारात आणिले, आणि भानजीपंतांस बोलावणे गेले.

दरबार भरला. दुलई मेजावर अंथरली, ती काठावरून खाली लोंबू लागली. फडणिसांनी विचारले, "पंत, ही किती हात?" पंत म्हणाले, "चार हात." फडणीस म्हणाले, "कोणाचे?" तेव्हा महाराज, जे इतका वेळ उगे होते, ते पुढे वाकले. महाराजांचा स्वर कठोर नव्हता. थकलेल्या माणसाने विचारावे तैसे त्यांनी विचारिले, "भानजी, खरे सांग. ह्या मेजावर दुलया आखूड होतात काय?" ऐसे कोणी राजाने कधी विचारले नव्हते. महाराजांचा उजवा हात शालीबाहेर मांडीवर होता आणि तो त्यांनी झाकला नव्हता. विसाजीच्या जीवात जीव आला आणि तो बोलू लागला, "महाराज, गडावरचे लोक—" तोच पंत ओरडले, "चूप बैस! महाराजांपुढे बोलतोस?" आणि हात जोडून, मान खाली घालून वदले, "महाराज, मेजाचे माप बरोबर आहे." महाराज मागे टेकले आणि म्हणाले, "मग ही दुलई लांब आहे." पंत म्हणाले, "होय महाराज." महाराजांनी आज्ञा केली, "तुझी चाकरी पुष्कळ, म्हणोन शिक्षा करीत नाही. चूक तुझी आहे, ती तूच नीट कर. दुलई मापास आण आणि मुलास गडावर जाऊ दे." खरे सांगितले असते तर महाराज कोपले असते की खजील होऊन गज मोडला असता, हे कोणी सांगू शकत नाही. विचारले मात्र होते, आणि सभेने आपल्या कानांनी ऐकले होते.

कातर आणिली. पंतांनी पितळी खुणेवर पाते धरिले आणि चालविले. कापूस चौघींचा, दुलई जाड, एका दमात कापेना. पुन्हा पुन्हा कचाकचा चालवावी लागली. दुलईचे पोट उपाशी राहू नये म्हणोन बायका कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवीत, तो वाळका तुकडा सुटून मेजावर पडला. पंतांनी तो उचलून कनवटीस लाविला. मग कापलेली पट्टी हाती धरून फडणिसांस म्हणाले, "एवढी मुलास द्यावी, पायांस गुंडाळील." फडणीस म्हणाले, "ती मापात कुठे बसते, पंत?" आणि पट्टी ठेवून घेतली. सटवाबाई मेजामागोमाग येऊन दाराशी उभी होती, तिने तेथल्या तेथे कापल्या काठास दुपटीने दाट दोरा घातला, कापूस सांडू नये म्हणोन, आणि एका शब्दाने पंतांशी बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही. विसाजीने दुलई काखेस मारली. वेशीपर्यंत बाप मागे मागे चालत गेला आणि म्हणाला, "बाळ, पाय पोटाशी घेऊन नीज." विसाजी म्हणाला, "आबा, जोत्याजीही तसाच निजत होता." आणि तो घोड्यावर बसला आणि गेला.

गडाची रीत ऐसी की शिपाई मेला म्हणजे त्याची दुलई कारखान्यात परत यावी, आणि मेजावर घालून तपासावी, आणि मापात असली तर दुसऱ्या शिपायास द्यावी. माघ सरता सरता गाडी आली. पंतांनी एकेक दुलई मेजावर घालून पाहिली, आणि एक निघाली तिचा एक काठ दुपटीने दाट दोऱ्याने शिवलेला. पंत तिच्यावर हात ठेवून उभेच राहिले. कारकुनाने दोनदा हाक मारली आणि मग विचारले, "पंत, ही कशी आहे?" पंतांनी तिचा काठ पितळी खुणेस लावून पाहिला, हाताने सुरकुती सारखी केली, आणि म्हणाले, "माप बरोबर आहे."

ती दुलई दुसऱ्या शिपायास गेली. पुढे गडाचे काय जाहले ते सर्वांस ठाऊक आहे. पहाऱ्यास उभे राहील ऐसा माणूसच उरला नाही, तेव्हा शत्रूस दरवाजा ढकलावाही लागला नाही. पंत मरेपर्यंत दरोगे राहिले आणि त्यांच्या कारकीर्दीत एकही दुलई लांब वा आखूड निघाली नाही. ऐसे हे मेजाचे वर्तमान, जैसे घडले तैसे सांगितले. इति.