पहिला छर्रा आणि वाकडं अंगण

पहिला छर्रा पुन्हा वरच लागला. काळ्या गोलाच्या बोटभर वर कागदाला विनाकारण एक भोक पडलं. नंतरचे सगळे छर्रे मात्र मधोमध, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे.

"हात थरथरतो तुमचा," नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरींनी दुर्बिणीवरून डोळा न काढताच निदान केलं. "पहिल्या वेळी टेन्शन येतं. वयाचा भाग आहे."

बाईंनी एअर रायफल खाली ठेवली. त्या ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणत आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. अर्धं आयुष्य त्यांनी नवशिक्यांच्या शेजारी बसून समोरून येणारे ट्रक बघण्यात काढलं होतं. तेव्हा न थरथरलेला हात आता कागदाच्या तुकड्याला बघून थरथरतो, हे त्या मेल्या तरी कबूल करणार नव्हत्या.

"हात नाही, रायफल," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ पडून राहिली की पहिला छर्रा जास्त जोरात सोडते. मग सुधारते."

"नाचता येईना अंगण वाकडं!" सेक्रेटरी हसले. "अहो, सगळ्यांच्या रायफली एकाच खोक्यातून आल्यात. मीच घासाघीस करून आणल्या. आमची कुणाची आहे का तक्रार?"

"कशी असेल? तुम्ही सगळे पहिला छर्रा त्या मातीच्या ढिगात मारता."

"पद्धतच आहे ती. पहिला सोडून द्यायचा."

"मी नाही सोडणार. रस्त्यावर पहिला ब्रेक सोडून द्यायचा असं मी शिकवलं, तर अर्ध्या गावाची हाडं प्लास्टरमध्ये असतील. काय हो डॉक्टर, तुम्ही पहिला दात सोडून देता का?"

क्लबातले दंतवैद्य घाईघाईने आपली रायफल पुसायला लागले.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "हे बघा, पुढच्या महिन्यात बाहेरगावचा सामना आहे. टीम चौघांची. तिथे घाबरणारं माणूस आपल्याला परवडणार नाही." बोलताना त्यांची नजर कोपऱ्यात छर्रे निवडत बसलेल्या स्वतःच्या जावयावर गेली. जावई गेलं वर्षभर पाचवा होता.

बाईंचं डोकं फिरलं. "मग रविवारी होऊन जाऊ द्या. माणशी एक छर्रा. सराव नाही, ढीग नाही. चाळीस मीटरवर लाकडी फळीला लावलेलं कोटाचं बटण. माझा हुकला तर टीममधली जागा मी आपणहून सोडते. आणि लागला, तर 'हात थरथरतो' हे तुम्ही सगळ्यांसमोर मागे घ्यायचं."

"मान्य," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त रायफली तासभर आधी माझ्या ताब्यात, स्टँडवर. नाहीतर कुणीतरी आधीच गुपचूप बार काढून यायचं."

घरी पोचेपर्यंत राग उतरला आणि बाईंच्या लक्षात आलं, की रविवारच्या आत रायफल दुरुस्त करणं आलं. पण बोललेला शब्द मागे घेणं त्यांना गाडी रिव्हर्स घेण्याइतकं सोपं कधीच वाटलं नव्हतं.

त्यांचे यजमान ग्रंथपाल होते. जन्मभर लोकांना 'शू' करून त्यांचा स्वतःचा आवाजही पुटपुटण्याएवढाच उरला होता. बाईंनी त्यांच्यापुढे रायफलीचं पोट समजावून सांगितलं. आत दाबाने हवा भरलेली असते. प्रत्येक बाराला मोजून हवा पुढच्या छोट्या कप्प्यात सोडायची आणि लगेच दार लावून घ्यायचं, हे काम रेग्युलेटरचं. पण हे दार नीट लागत नसावं. रायफल स्वस्थ पडली, की फटीतून हवा पुढे झिरपत राहते, कप्प्यातला दाब चढत जातो आणि पहिला छर्रा तो सगळा दाब घेऊन सुटतो.

"म्हणजे तुझ्यासारखंच," यजमान पुटपुटले. "तूही बराच वेळ गप्प राहिलीस, की पहिला शब्द वरच लागतो."

"तुमचा तर कुठेच लागत नाही. सरका, मला टेबल हवंय."

उघडण्याआधी रायफलीतली सगळी हवा सोडून द्यायची, हा नियम बाईंनी काटेकोरपणे पाळला, आणि तिथेच घोटाळा झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी स्क्रू सैल केला, तशी रायफल लांबलचक 'फूऽऽस' करू लागली. तो आवाज खिडकीतून थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कानात गेला. काकूंना दुसऱ्याच्या घरातलं दूध उतू गेलेलंही आधी कळायचं. त्यांनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि जिन्यात उभं राहून आरोळी ठोकली, "वरच्यांचा सिलिंडर फुटतोय! पळाऽऽ!"

बाईंना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्या रेग्युलेटर उघडून आतल्या वाटीसारख्या पितळी चकत्या ताटात ओळीने मांडत होत्या. शेवटी नखाएवढी एक पांढरी चकती निघाली. तिच्यावर केसाएवढा ओरखडा होता. हेच ते दार! "सापडला चोर!" बाई आनंदाने ओरडल्या आणि मागे वळल्या. यजमान नव्हते. ते केव्हाच रस्त्यावर पोचले होते आणि जळत्या घरातून वाचवायची वस्तू म्हणून त्यांनी वाचनालयाचं एक पुस्तक नेलं होतं. बाई वरच राहिल्यात हे त्यांना पुस्तक उघडल्यावर आठवलं.

दार ढकलून अग्निशमन दलाचे दोन जवान आणि मागून त्यांचे साहेब आत आले.

"बाई, बाहेर व्हा! गॅस कुठून येतोय?"

"गॅस नाही हो. हवा होती. मी सोडली."

"कुठे?"

"खिडकीबाहेर."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे तुम्ही हवा हवेत सोडली, आणि त्यासाठी अख्खी इमारत रस्त्यावर?"

"इमारतीला मी नाही सोडलं. ती आपली आपण गेली."

साहेबांचं लक्ष ताटाकडे गेलं. अनोळखी नळी, तेल लागलेले सुटे भाग, चकत्या. नियमाप्रमाणे अशा वस्तूवर आधी वाळू आणि मग विचार. बाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत एका जवानाने सगळं ताट वाळूच्या बादलीत रिकामं केलं. मग विचार झाला, माफी मागितली गेली, आणि वाळू तेवढी बाईंच्या वाट्याला आली.

संध्याकाळभर त्या अंगणात बसून चहाच्या गाळणीने वाळू चाळत होत्या. खालच्या काकू गॅलरीतून देखरेख करत होत्या.

"सोनं बिनं पडलंय का हो?" त्यांनी न राहवून विचारलं.

"अब्रू पडलीय. सापडली की सांगते."

चकत्या सगळ्या सापडल्या. पांढरी चकतीही सापडली, पण वाळूने तिच्यावर एकाचे दहा ओरखडे केले होते. सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "पुढच्या महिन्यात मिळेल." बाईंनी फोन असा ठेवला, की पुस्तकातून यजमानांनी मान वर केली.

"माघार घे," ते म्हणाले. "चूक रायफलीचीच आहे, मला पटलंय."

"तुम्हाला पटून काय उपयोग? तुम्ही थोडेच सेक्रेटरी आहात?" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "टीमचं जाऊ द्या हो. पण उद्या माझ्या शेजारी बसून गाडी शिकणाऱ्या पोरीला जर कुणी सांगितलं, की हिचा हात थरथरतो, तर ती स्टीअरिंग धरेल का?"

यजमानांनी पुस्तक मिटलं. "बरं. मी काय करू?"

"गप्प बसायचं. ते तुम्हाला येतं."

बाईंनी तीच ओरखडलेली चकती परत बसवली. दुसऱ्या दिवशी क्लब उघडताच दोघं तिथे हजर. छर्ऱ्याचा वेग मोजणारी एक पेटी दंतवैद्यांकडून उसनी आणली होती. रायफल ठेवायची, यजमानांनी घड्याळ धरून बसायचं, वेळ झाली की बाईंनी एकच बार काढायचा, पेटीवरचा आकडा वाचायचा, भोक किती वर गेलं ते मोजायचं, पुन्हा ठेवायची. रविवारपर्यंत रोज हाच उद्योग. रायफल पूर्वीपेक्षा बिघडली होती, यात शंका नव्हती. पण आता ती अगदी नेमाने बिघडली होती. तासभर ठेवली, की दोन बोटं वर. कोणत्याही दिवशी मारा, दोन बोटं. त्यापुढे जितका उशीर, तितकी हळूहळू आणखी वर.

"हे तर शिकवणीसारखं झालं," बाई म्हणाल्या. "गाडी डावीकडे ओढत असेल, तर रोज तेवढीच ओढू दे. मग चालवता येते."

रविवारी रायफली स्टँडवर गेल्या. सेक्रेटरींनी समोर उभं राहून भाषण सुरू केलं. तास भरत आला तेव्हा ते जेमतेम क्लबच्या स्थापनेपर्यंत पोचले होते. तास उलटला, तेव्हा पहिल्या अध्यक्षांचं आजारपण चाललं होतं. बाईंची नजर घड्याळावर होती. प्रत्येक वाक्याला आपला छर्रा केसभर वर चढतोय, हे त्या सभेत त्यांना एकट्यांनाच कळत होतं.

"आणि त्या काळात छपराचे पत्रे—"

"ब्रेक!" बाई कडाडल्या.

सेक्रेटरींचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. गाडी तेही बाईंकडेच शिकले होते. भाषण थांबलं.

पहिला नंबर दंतवैद्यांचा. बोटभर वर. त्यांनी रायफलीच्या तोंडात डोकावून बघितलं, पण तिथे त्यांना उपचार करण्यासारखं काही दिसलं नाही. मग क्लबचा फोटोग्राफर. बोटभर वर. मग जावई. त्याने सासऱ्यांकडे बघत नेम धरला. बोटभर वर. शेवटी सेक्रेटरी स्वतः बसले. बराच वेळ श्वास रोखून त्यांनी चाप ओढला, आणि बटणाच्या बोटभर वर लाकडाचा टवका उडाला.

"वारा आहे," ते म्हणाले.

खांबावरची फीत वाळत घातलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. "प्रथमग्रासे मक्षिकापातः," यजमान वाचनालयाच्या आवाजात म्हणाले, आणि शांतता एवढी होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बाई बसल्या. बटणाच्या दोन बोटं खाली नेम धरला. मग पहिल्या अध्यक्षांचं आजारपण आठवून आणखी थोडा खाली घेतला. लोक बघत होते. हात दगडासारखा स्थिर होता. त्यांनी चाप ओढला.

टक्. बटण नव्हतं.

जावयाने सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग सासऱ्यांकडे बघून हात खिशात घातले.

"रायफल दुरुस्त केलीत म्हणा की," सेक्रेटरी कसंबसं म्हणाले.

"छे! पहिल्यापेक्षा जास्त बिघडलीय. तुमचीही बिघडलेलीच आहे, सगळ्यांचीच आहे. एका खोक्यातल्या ना! तुम्ही रोज पहिला छर्रा ढिगात पुरत होतात, म्हणून कळलं नाही. अंगण वाकडंच आहे, सेक्रेटरी. मी फक्त वाकड्या अंगणात नाचायला शिकले. आता बोला, काय मागे घ्यायचं ठरलं होतं?"

"बाईंचा हात..." सेक्रेटरी पुटपुटले, "...थरथरत नाही."

"ऐकू आलं नाही. चालायचंच, पहिल्या वेळी टेन्शन येतं, वयाचा भाग आहे. पुन्हा म्हणा."

दुसऱ्यांदा ते व्यवस्थित म्हणाले.

पुढच्या महिन्यात नव्या चकत्या आल्या. त्या संध्याकाळी बाईंच्या दारात सेक्रेटरी चादरीत गुंडाळलेली रायफल घेऊन उभे राहिले. मागे रांगेत दंतवैद्य, फोटोग्राफर आणि जावई. बाईंनी सगळ्यांना आधी हात धुवायला पाठवलं. यजमानांनी दुपारीच जिन्यात सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला होता: 'आज पाच वेळा आवाज येईल. हवा आहे, गॅस नाही. कृपया शांतता राखावी.'

सेक्रेटरी स्क्रू सैल करायला वाकले, एवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या काकू होत्या. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात स्वतःच्या घरची चहाची गाळणी.

"चालू द्या तुमचं," खिडकीशी खुर्ची मांडत त्या म्हणाल्या. "म्हटलं, लागेल."