पाच भिंगांचं भोक

दाराला बाहेरचं बघायला एक छोटं भोक हवं, एवढीच बायकोची मागणी होती. तिचे वडील दिवसभर घरी एकटे, आणि बेल वाजली की कोण-कुठला न बघता सताड दार उघडायचे. दुसरा कुणी नवरा असता तर तासाभरात काम उरकलं असतं. पण हा पडला भिंगांची रचना करणारा.

"दुकानातलं आणू?" तो म्हणाला. "त्यात माणसाचं नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि कडेला नुसता चिखल!"

"मला कुणाचं नाक मोजायचं नाहीये," बायको म्हणाली.

पण ऐकेल तर शपथ! अठरा वर्षं तो कारखान्यात संगणकासमोर बसून भिंगामागे भिंग मांडत होता. ह्याचा बाक वाढव, त्याची जाडी कमी कर, मधलं अंतर केसभर सरकव. ती सगळी भिंगं जायची यंत्रांच्या पोटात. एकदा झाकण लागलं की त्यातून बघणार ते यंत्रच, आणि यंत्र काही 'वा!' म्हणत नाही. साहेबही म्हणत नसत. "झालं? पुढचं घ्या," एवढंच. आपल्या भिंगातून एका तरी जित्याजागत्या माणसानं बघावं आणि तोंडभरून चांगलं म्हणावं, ही त्याची हौस राहूनच गेली होती. ती त्यानं ह्या दारावर भागवायची ठरवली.

चार महिने लागले. मधलं स्पष्ट झालं की कड बिघडायची, कड सुधारली की सरळ रेषा वाकायच्या. शेवटी पाच भिंगांची बोटभर नळी तयार झाली. तोवर सासऱ्यांनी तीन अनोळखी विक्रेत्यांना घरात बसवून चहा पाजला होता.

सुतार आला तेव्हा हा कामावर होता. नळी आणि कागदावरची आकृती घरी ठेवलेली. सुतारानं फोन केला, "साहेब, ह्याचं मोठं तोंड कुठल्या अंगाला? कागदावर काहीच लिहिलेलं नाही."

लिहायचं कशाला? भिंगवाल्यांच्या आकृतीत प्रकाश डावीकडूनच येतो. त्यांच्यात ते कुणी सांगतही नाही आणि विचारतही नाही. "अहो, उजेड येतो त्या बाजूला!" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सुतार विचारी माणूस. त्यानं बाहेर पाहिलं. जिन्यातला दिवा महिनाभर गेलेला, मिट्ट काळोख. आत पाहिलं. मोठी खिडकी, भर दुपार. उजेड येत होता तो घरातून, ह्यात शंकाच नव्हती. त्यानं नळीचं मोठं तोंड घरात करून ती चोख बसवली. सासऱ्यांनी आतून डोळा लावला, त्यांना काळोख दिसला. जिना काळाच होता, त्यामुळे त्यांनाही काही खटकलं नाही.

संध्याकाळी हा घरी आला, तर दारासमोर रांग! शेजारीण, पार्सल काखेत धरलेला माणूस आणि सगळ्यांत पुढे, भोकाला डोळा लावून, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर.

"काय चाललंय?"

"हळू बोला," शेजारीण कुजबुजली. "आजोबांचा व्यायाम चाललाय. डावा पाय झाला, आता उजवा."

दार ठोठावायला त्यानं हात उचलला, तोच मास्तर म्हणाले, "पण काय स्वच्छ दिसतं हो! पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते."

हात तसाच राहिला.

"आणि खिडकीची चौकट?" त्यानं हळूच विचारलं. "वाकल्यासारखी वाटते का?"

"छे! ओळंबा लावल्यासारखी सरळ."

"कडेला निळी-जांभळी झालर?"

"नावालासुद्धा नाही."

"मी दिवसाला शंभर दारं बघतो," पार्सलवाला म्हणाला. "असलं भोक नाही पाहिलं."

झालं! गडी सुखावला. "जरा मान तिरकी करून बघा," तो म्हणाला. "हं, ही सगळी तिसऱ्या भिंगाची करामत." आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे दोघे आले, त्यांना त्यानं पहिल्यापासून समजावून सांगितलं. आत सासरे अर्ध्या चड्डीत पाठीवर पडून हवेत सायकल चालवत होते. ते आपले सासरे आहेत हे तो साफ विसरला होता. त्याच्या लेखी ते भिंग पारखायला समोर लावलेलं चाचणीचं चित्र होतं.

"बाजूला व्हा," मागून आवाज आला. बायको कामावरून परतली होती.

पार्सलवाल्यानं पार्सल जमिनीवर ठेवलं आणि तो सटकला. बाकीचेही पांगले. बायकोनं भोकाला डोळा लावला.

"बाबा दिसतायत."

"हो."

"चड्डीत."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"अर्धा तास झाला."

आता माफी मागायला हवी होती. ती त्याच्या ओठावर आलीही होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "कडेला कसं दिसतंय?"

बायकोनं त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. तिच्या कपाळाला आठी पडली. "कोपऱ्यात जळमटं आहेत. धागा न् धागा मोजून घे!"

"कुठल्या कोपऱ्यात?"

"चारही!" ती कडाडली. "चारही कोपऱ्यांत! आणि मला म्हणालास, रविवारी झाडलं म्हणून!"

त्याला एकदम भरून आलं. अठरा वर्षांत त्याच्या भिंगाला इतकं चांगलं कुणी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा एकदा म्हण ना," तो म्हणाला.