सासऱ्यांसाठी डांबरी उतार

खड्डे तेवढे बुजवून घ्या, इतकंच बायको म्हणाली होती. थोडं सिमेंट आणायचं, थापीने चोपडायचं, एक रविवार गेला की विषय संपला. पण मला (म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर ‘विचारार्थ सादर’ लिहिणाऱ्या माणसाला) त्या दिवशी स्वतः निर्णय घ्यायची लहर आली.

आमच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत काँक्रीटचा उतार होता. घराइतकाच जुना. मधोमध झाडाच्या मुळाने तो वर उचलला होता आणि बाकीच्या भागात जिकडेतिकडे भेगा आणि खड्डे पडले होते. याच उतारावर ठेचकाळून माझे सासरे पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं. आता ते व्हीलचेअरवरून आमच्याकडेच राहायला यायचे होते. पडल्यापडल्या ते मला एवढंच म्हणाले होते, “जावईबापू, चूक माझीच. खाली बघायला हवं होतं.” चार शब्द सुनावले असते तर मीही खड्डे बुजवून मोकळा झालो असतो.

“सगळा उतारच नवा करू,” मी म्हणालो. “डांबराचा.”

“डांबराचा कशाला?”

“काँक्रीटला रोज पाणी मारत बसावं लागतं. डांबर आज टाकलं की उद्या चालायला मोकळे.”

“कुणी सांगितलं?”

“वाचलंय मी.” (डांबरवाल्याच्याच जाहिरातीत वाचलं होतं. तेवढा तपशील मी गाळला.)

डांबरवाला आला, उताराकडे बघून हळहळला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेकर लावून सगळं काँक्रीट फोडून गेला. घरातल्या भांड्यांसकट आम्ही सगळे दिवसभर थरथरत होतो. संध्याकाळी फाटकापासून गॅरेजपर्यंत नुसता राडारोडा पसरलेला. तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, “अहो, गाडी बाहेर काढली होती ना?”

गाडी गॅरेजमध्ये होती.

त्यानंतर डांबरवाला गायब झाला. फोन केला की म्हणायचा, “साहेब, रोलर दुसऱ्या साइटवर अडकलाय.” मी रोज सकाळी कचेरीचे बूट हातात घेऊन, दगडांवरून तोल सावरत बसस्टॉपवर जायचो आणि संध्याकाळी तसाच परत यायचो. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून रोज विचारायच्या, “अजून फोडणारच आहात का?” बायको हॉस्पिटलात. घरात मी आणि धूळ. रात्री जेवताना दातांखाली कचकच लागली की ती भाजीतली की उताराची, हेही मी बघेनासा झालो होतो.

शेवटी सासऱ्यांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी रोलर आला. भर उन्हात वाफाळलेलं डांबर पडलं, रोलर फिरला आणि दुपार कलेपर्यंत आरशासारखा काळाभोर उतार तयार झाला. माझं मन भरून आलं. डांबरवाला रोलर ट्रकवर चढवता चढवता म्हणाला, “आज कुणाला पाय ठेवू देऊ नका. उद्या बिनधास्त.”

ट्रक वळला आणि फोन वाजला. बायको होती.

“बाबांना आजच सोडलं. हॉस्पिटलला बेड रिकामा हवा होता. आम्ही कोपऱ्यावर आलोच आहोत.”

मी व्हरांड्यात होतो. समोर अँब्युलन्स येऊन उभी राहिली आणि मग, पेशंटला दारापर्यंत सोडायच्या सद्हेतूने, ड्रायव्हर ती मागे घेत थेट फाटकातून आत आणू लागला. मी “थांबा, थांबा” करत धावलो. कुठून धावायचं, हा विचार नंतर सुचला.

चौथ्या-पाचव्या पावलाला एक चप्पल मागेच राहिली. पुढचं अनवाणी पाऊल टेकलं तेव्हा जे काही तोंडातून निघालं, ते ऐकून ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. त्या अर्थी माझी मोहीम फत्ते झाली होती. उरलेला उतार मी एका पायावर उड्या मारत पार केला आणि अँब्युलन्सच्या दाराला लटकलो.

“पेशंट आत आहे ना?” ड्रायव्हरने माझ्याकडे बघत बायकोला विचारलं.

काकूंनी त्यांचं फाटक उघडलं. कुंपणाच्या चार फळ्या काढल्या. आणि सासऱ्यांचं स्ट्रेचर काकूंच्या अंगणातून, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून, आमच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात आलं. वाटेत सासऱ्यांनी मान वळवून उताराकडे बघितलं.

“छान झालाय, जावईबापू,” ते म्हणाले. “लांबून तर फारच छान दिसतोय.”

त्या रात्री हॉलमध्ये आम्ही दोघे शेजारी शेजारी, पाय उशीवर ठेवून पडलो होतो. माझ्या तळव्याला मलम आणि बँडेज. बायको आधी त्यांना सूप द्यायची, मग मला. मला देताना वाटी जरा जोरात ठेवायची. सासरे मात्र अंधारात हळूच म्हणाले, “माझ्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला नव्हता हो.” मग म्हणाले, “पुन्हा करू नका.”

डांबर थंड झालं आणि माझी पावलं त्यात कायमची राहिली. डांबरवाला “उद्या येऊन नीट करतो” म्हणाला, त्या अर्थी तो यायचा नव्हता.

सासऱ्यांना चालायला शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. खुर्चीतून उठून वॉकर, वॉकरवरून काठी, अशी सासऱ्यांची प्रगती त्या गुळगुळीत उतारावरच झाली. (निर्णय अगदीच चुकला नव्हता, याची कुणीतरी नोंद घ्यावी.) एके सकाळी बाई त्या ठशांपाशी थबकल्या. वाकून निरखू लागल्या.

“उजवा पाय बाहेर फेकलाय. सगळा भार टाचेवर. पाठीतही पोक असणार. ऑपरेशनच्या आधी बाबा असे चालायचे का?”

“बाबांचे नाहीत ते,” बायको म्हणाली. “यांचे आहेत.”

“अहो, मी पळत होतो तेव्हा,” मी म्हणालो. “आणि भाजत होतं.”

“जरा चालून दाखवा,” बाई म्हणाल्या.

मी चाललो. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने “मला ठाऊकच होतं” अशा अर्थाने मान हलवली.

तेव्हापासून रोज सकाळी कचेरीच्या आधी उतारावर आम्हा दोघांचा वर्ग भरतो. सासरे पुढे, मी मागे, आणि कुंपणापलीकडे काकू चहाचा कप घेऊन.

काल सासऱ्यांची काठी सुटली. बाईंनी त्यांचं अभिनंदन केलं आणि आता त्यांना शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं सांगितलं.

“आणि मी?” मी विचारलं.

बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं.

“तुम्ही अजून काही दिवस,” त्या म्हणाल्या, “बाबांचा हात धरून चाला.”