डाव्या खिडकीतले शामू मिस्त्री

सिटी बसमध्ये डावीकडची खिडकी रिकामी नसली की आमचे शेजारी शामू मिस्त्री चढल्या पावली खाली उतरतात. कंडक्टर सांगतो, "मिस्त्री, उभं ऱ्हायला जागा हाय की." मिस्त्री म्हणतात, "उभ्यानं घर दिसत न्हाय," आणि पुढच्या गाडीची वाट बघत स्टॉपवर बसतात. उजवी खिडकी त्यांना चालत नाही, त्या बाजूची घरं रस्त्यापलीकडे लांब पडतात. मग ती बघायचीच नाहीत का, असं मी एकदा विचारलं. माझ्या मास्तरकीची कीव केल्यासारखं बघत ते म्हणाले, "सर, परत येताना ती डावीकडंच येत्यात की."

राजारामपुरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहतात. सत्तरी उलटलीय. दर गुरुवारी दिवसभराचा पास काढून जुन्या पेठांतली घरं बघत फिरायचं, हा त्यांचा नेम. मोटारसायकलवरून फिरवतो म्हटलं तर नको म्हणाले. पेठांतल्या घरांचे तळमजले मोबाईलच्या दुकानांनी कधीच गिळलेत. घर उरलंय ते वरच्या माडीवर, आणि माडी नीट दिसते ती बसच्या खिडकीतूनच. हे मात्र शंभर टक्के खरं. जन्म या गावात काढून मी कधी मान वर केली नव्हती, हे मला त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं.

बसमध्ये त्यांचं तोंड बंद नसतं. "सज्जा बघा, अस्सल सागवान. शेजारचा वासा मातुर वाळवीनं खाल्लाय. दोन पावसाळं काढंल."

पुढच्या सीटवरच्या बाई वळून म्हणाल्या, "अवो, ते आमचं घर हाय."

"मग औषध मारून घ्या, वैनी," मिस्त्री शांतपणे म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले.

हा अधिकार त्यांनी कमावलेला आहे. उभा जन्म त्यांनी जुनी घरं मोकळी करण्यात घालवला. 'पाडणं' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. "पाडायला जेसीबी हाय. मी उतरवतो." कौल, वासा, खांब, सगळं सुटं, काहीही न फोडता.

शुक्रवार पेठेतलं इंगवले बंधूंचं घर उतरवायचं ठरलंय, तिथं फ्लॅट होणार, असं कानावर आलं आणि मिस्त्रींनी ते घर वाचवायचा विडाच उचलला. दर गुरुवारी हत्यारांची पिशवी घेऊन तिथं हजर. "तक्रार काय हाय ती सांगा." थोरले इंगवले म्हणाले, माडी गळते. पुढच्या गुरुवारी गळती बंद. धाकटे म्हणाले, दार फुगतंय. मिस्त्रींनी रंधा मारला. जिना उभा आहे म्हणाले, तर धरायला दोर बांधून दिला. फुकटात काम होतंय म्हटल्यावर इंगवल्यांना तक्रारीही सुचायला लागल्या. शेवटी शेजाऱ्याचं कपाटसुद्धा मिस्त्रींकडून दुरुस्त झालं.

मग एका गुरुवारी, शाळेला सुट्टी म्हणून मीही बरोबर होतो, तेव्हा थोरल्यांनी चहा पुढे केला आणि खाली मान घालून म्हणाले, "मिस्त्री, घराची काय बी तक्रार न्हाय. पर आमी दोगं भाऊ, चार पोरं. एक घर किती जणांत वाटायचं?"

याला मिस्त्रींच्या पिशवीत हत्यार नव्हतं. जेसीबी सोमवारी येतोय, असं धाकट्यांनी सांगितलं. मग मिस्त्री म्हणाले, "जेसीबी नको. मीच उतरवतो."

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा राग आला. वाचवायला निघालेला माणूस पहिला घाव घालायला तयार होतो म्हणजे काय? मी तसं बोललोही.

सोमवारी शाळा बुडवून मी गेलो. त्यांची रीत अशी, की घरच्यांनी कौलं हातोहात उतरवून घ्यायची. दोघे भाऊ, सुना, पोरं, सगळे जिन्यापासून अंगणापर्यंत ओळीने उभे होते. "सावकाश. बारक्या पोराला घेतल्यागत घ्या," मिस्त्री वरून सांगत होते. दुपारपर्यंत छप्पर उघडं झालं. सगळे अंगणात जेवायला बसले. मिस्त्री तेवढे खाली आले नाहीत.

मी शिडी चढून गेलो. ते आढ्यावर बसले होते.

"माणसं म्हणायची, शामूचा हात हलका, घराला कळत बी न्हाय," ते म्हणाले. "येवढी घरं उतरवली सर. एक तरी माज्यामुळं उभं ऱ्हायला पायजे होतं ओ."

त्यांचे डोळे भरून आले होते. बसमधलं माझं बोलणं आठवून मला लाज वाटली. खालून थोरले इंगवले जेवायला हाका मारत होते.

"त्यास्नी म्हणावं, जेवून घ्या," मिस्त्री आढ्यावर हात फिरवत म्हणाले. "छप्पर काढल्यावर घराला एकटं सोडू ने."

मग मीही खाली उतरलो नाही. त्यांच्या शेजारी बसून राहिलो.